तांबड्या मातीवर भिंगरी

रविवार, ९ फेब्रुवारी १९८६. कडगंची

काल शिवशंकरप्पाचं पत्र आलं! येत्या शनिवारी-रविवारी बीदरला मोटारींचं प्रदर्शन आहे. मैदानात नव्या गाड्या, ट्रॅक्टर, पंप मांडणार, आणि दोन्ही दिवस दुपारी चार वाजता त्याच्या कंपनीचे खेळ. फटफटीवाला उडी मारणार, जीपवाला दोन चाकांवर जाणार, आणि तिसरा खेळ — माझा! पत्रात लिहिलंय, "भिंगरी. सादर करणार कडगंचीचे प्रसिद्ध ड्रायव्हर किशनराव." प्रसिद्ध म्हणे! मला इथं पंक्चरवाला सोडला तर कोण ओळखतो?

हा शिवशंकरप्पा श्रावणात मालकांचा पाहुणा म्हणून आला होता. त्याला गाणगापूरला दर्शनाला नेऊन परत आणत होतो. काळ्या रानातली वाट, वरून पाऊस. जीप घसरली ती पूर्ण फिरली, मागचं पुढं झालं. मी स्टेअरिंग उलटं दिलं, पाय जरा दाबला, जीप पुन्हा वाटेवर. आमच्याकडं पावसाळ्यात हे रोजचंच. पाहुणा पांढराफटक. वाटलं, आता शिव्या बसणार. तर म्हणतो, "अण्णा, इन्नोम्मे!" पुन्हा एकदा कर म्हणे! पडीक रानात नेऊन, शेजारी बसवून पाच वेळा भिंगरी मारली. पाचव्या वेळी तो उतरून ओकला आणि तोंड पुसत म्हणाला, मी मोटारींच्या खेळाची कंपनी चालवतो.

पत्राची शेवटची ओळ — "दोन्ही दिवस नीट गेले तर तुम्हाला कंपनीत कायमचं घेतो. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, बंगलोर. वर्षाचे आठ महिने दौरा."

चांगुणाला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. शेवटची ओळ वाचली नाही.

सोमवार, १०

मालकांकडं रजा मागितली. श्रीनिवासराव वकील. चौदा वर्षं त्यांची जीप चालवतोय. "कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, बीदरला मेव्हणीकडं. खोटं नाही, उतरणार तिथंच आहे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुढच्या मंगळवारी आळंदला कोर्टात तारीख आहे. जीप दारात पाहिजे." व्हय जी म्हणून आलो.

माणूस चांगला आहे. चौदा वर्षांत एक वाकडा शब्द नाही. पण गाडी कुठं जायची ते मागच्या सीटवर ठरतं. डावीकडं म्हटलं की डावीकडं, थांब म्हटलं की थांब. भिंगरी मारताना मागची सीट रिकामी असते! हे मला श्रावणापासून सारखं आठवतंय. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहिलं.

मंगळवार, ११

चांगुणा दिवसभर नागूबाईच्या खळ्यावर. ज्वारीची मळणी आलीय. नागूबाई शेजारीण, पण खळं सारवायला तिला चांगुणाच लागते. गावात तिच्यासारखा हात कुणाचा नाही. काळी माती, शेण, पाणी. कालवते, पसरते, पंजा फिरवते, आणि वाळलं की जमीन अशी गुळगुळीत होते की दाणा पडला तर घरंगळत जातो.

चहाचं विचारायला गेलो, तर लांबूनच ओरडली, "चपला काढा आधी!" खळ्यात पायताण घालून जायचं नाही, हे मला सांगते! मी चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. लहानपणी याच खळ्यात मी बैलांची पात हाकायचो. मधे तिवड्याचा खांब आणि त्याभोवती बैल गोल, गोल, गोल. माझं गोल फिरायचं शिक्षण तिथलंच.

चपला काढल्या. चहा मिळाला.

बुधवार, १२

पंक्चरवाल्याकडून दोन गोटा टायर मिळवले. पार गुळगुळीत. कंपनीच्या ॲम्बेसिडरला मागं बसवायचे. नवं टायर माती धरतं, भिंगरी होऊ देत नाही. बसच्या टपावर टाकून नेणार. लोक नवे टायर घेऊन मिरवतात, मी टक्कल पडलेले!

गुरुवार, १३

चांगुणाला म्हटलं, तूही चल.

"कामून? मी येऊन काय करू? रस्त्याभर ओकू?"

"बावीस वर्षं झाली लग्नाला. मला गाडी चालवताना कधी बघितलंस का तू?"

"रोज बघते की. दारातून जातानी अन् दारात येतानी."

तिला गाडी लागते. साधीसुधी नाही, भयंकर लागते. लग्न होऊन आली ती बसमधून, आणि आमच्या वेशीत उतरता उतरता माझ्या आईच्या नव्या इरकली लुगड्यावर ओकली! आई मरेपर्यंत ते सांगत होती. त्यानंतर बावीस वर्षांत चांगुणा नऊ वेळा गाडीत बसली. मी मोजलंय. लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेली तेव्हा येताना चार कोस चालली. मोटारवाल्याची बायको!

 माझा चेहरा पडला असेल. भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं. येते. पन लिंबं घ्या." लिंबू नाकाला लावलं की तिला जरा बरं वाटतं.

मग विचारलं, "दोनच दिवसांचं हाय नव्हं?"

व्हय म्हटलं. तिच्याकडं न बघता म्हटलं.

शुक्रवार, १४. बीदर

पोचलो. म्हैस नागूबाईच्या गोठ्यात बांधून निघालो होतो. कडगंची ते गुलबर्गा एक बस, गुलबर्गा ते बीदर दुसरी.

एक नवीनच गोष्ट झाली. मी जन्मभर स्टेअरिंगमागं, त्यामुळं गाडीत चांगुणाच्या शेजारी मी कधी बसलेलोच नाही! आज पहिल्यांदा. ती खिडकीशी, लिंबू नाकाशी, डोळे मिटलेले, डोकं माझ्या खांद्यावर. ड्रायव्हर क्लच घासत होता, एरवी उठून सांगितलं असतं. आज खांदा हलवला नाही.

हुमनाबादच्या अलीकडं बस थांबवली. रस्त्याकडेला तिचं कपाळ धरून उभा राहिलो. कंडक्टर ओरडत होता. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमचा हात थंड हाय. बरं वाटलं." आधीच्या नऊ वेळा कुणी धरलं असेल हिचं कपाळ? मी तर पुढं बसून हॉर्न वाजवत असणार. लाज वाटली.

मेव्हणी राजूबाई गावाबाहेर राहते. नवरा अंकुशराव, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर. घाटाखाली त्याचं रान. राजूबाई म्हणाली, "पाव्हणं, टायर घेऊन यायलाव व्हय बायकोच्या माहेरच्याकडं? नारळ न्हाई मिळाला?" नारळही आणला होता. टायरखाली राहिला होता.

शनिवार, १५

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सकाळपासून सगळं तपासलं. स्टेअरिंगचा खेळ बघितला. हँडब्रेक घट्ट केला. टायर बसवले, हवा कमी केली. मैदानाच्या मधोमध तेलाचा रिकामा पिंप उभा केला, त्याभोवती फिरायचं. टँकरनं पाणी मारलं. तीन-चार हजार माणूस जमलं असेल. फटफटीवाला उडाला, टाळ्या. जीपवाला दोन चाकांवर गेला, टाळ्या. मग मी.

वेग घेतला, क्लच दाबला, हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग फिरवलं — काही नाही! गाडी साधी वळली. स्टँडमध्ये बस वळते तशी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. लोक शिट्ट्या मारायला लागले. तिसऱ्यांदा जास्त वेग घेतला. जरा घसरली, वाटलं जमलं, आणि एकदम मातीनं मागची चाकं गच्च धरली. गाडी एका अंगावर उचलली.  खाली आपटली ती सरळ पिंपावर! पिंप गडगडत लोकांत गेला. नशीब, कुणाला लागलं नाही.

माइकवाला काय बोलावा? "देखो देखो, डायवरसाब डब्बे कू सलाम करे!" सगळं मैदान हसलं. लोकांना वाटलं मी विदूषकच आहे. काहीजण म्हणाले, पुन्हा कर!

शिवशंकरप्पा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "किशनराव अण्णा, उद्या राहू दे. दोनच खेळ करू."

बाहेर आलो तर चांगुणा दिसेना. शोधलं. ती मैदानात, माझ्या चाकांच्या खुणांशी उकिडवी बसलेली. माती चिमटीत धरून चोळत होती. पदरात थोडी बांधून घेतली. घरी आल्यावर ती माती वाटीत घातली, वर पाणी ओतलं. पाणी सरळ खाली.

"हे बघा. ही तांबडी. मुरूम हाय नुस्ता. ह्यात पानी ऱ्हातच न्हाई, मग चिखल कसा व्हावा?"

वाटी तिनं माझ्यापुढं सरकवली.

"शेतकऱ्याचं पोर तुमी! समदं बघितलं, टायर बघितलं, बिरेक बघितला. अन् मातीला हात लावला न्हाई?"

नाही लावला! आमच्या भागात माती म्हणजे काळीच. बुटाला चिकटते, चाकाला चिकटते, पावसात लोण्यासारखी होते. दुसरी माती असते, हे ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. बीदरची जमीन तांबडी, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. पंचवीस वर्षं गाडी चालवून मी डायवरच झालो, आणि बापाचं सगळं विसरलो.

राजूबाईनं पिठलं वाढलं. ताट तसंच सरकवलं.

रविवार, १६

 सगळं क्रमानं लिहितो.

उजाडताच चांगुणानं मला उठवलं. "अंकुशराव दाजी टॅक्टर घेऊन गेल्यात घाटाखाली. काळी माती आणायला. तुमी उठा, अन् त्या शिवशंकरप्पाला सांगा मैदान मोकळं ठेव."

कशाला म्हटलं.

"खळं करायचंय."

घाटाखाली अंकुशरावचं रान काळंभोर. दोन ट्रॉल्या माती आली. राजूबाईनं गल्लीतल्या दहा बायका गोळा केल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर शेणाची पाटी. मोठा मोर्चा मैदानात शिरला! तिथं नव्या गाड्या चकचकीत उभ्या, शेजारी टाय बांधलेली माणसं. त्यांनी नाकाला रुमाल लावले. शिवशंकरप्पा धावत आला.

"अक्का, अक्का, हे काय करायलाव? प्रदर्शनात शेण?"

चांगुणानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. या बाईला मी कधी परक्या पुरुषाशी बोलताना ऐकलं नाही. म्हणाली, "तुमी पाव्हणं आमच्या गावाला आलता. चिखलात गाडी फिरली तवा लई आवडलं तुमाला. चिखल काय आकाशातनं पडतो व्हय? बाजूला सरा."

तो सरला!

पिंपाभोवती गोल आखला. माती पसरली, शेण-पाणी कालवलं, आणि बारा बाया ओणव्या होऊन सारवत निघाल्या. चांगुणा सगळ्यांत पुढं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळे हात. मागं वळून एकेकीला सांगत होती — "दाबून, दाबून! भिंत न्हाई सारवायची." अकराच्या सुमाराला झालं. मग ऊन लागू दिलं. तीन वाजता गोल असा दिसत होता की बैल सोडावेत आणि ज्वारी टाकावी.

आधीचे दोन खेळ झाले. साडेचारला मी गाडी घेऊन निघालो. चांगुणा आडवी उभी.

"चपला."

"आगं, गाडीत बसून —"

"खळं हाय हे."

चपला काढल्या. मागून शिवशंकरप्पा पाणी मारायचं सांगायला येत होता, बूट घालून. त्यालाही थांबवलं. त्यानं हसत हसत बूट काढले, पण काढले. माइकवाला, टँकरवाला, फटफटीवाला, सगळे अनवाणी! लोकांना मोठी गंमत वाटत होती. एक म्हातारा पागोटेवाला मात्र गंभीरपणे मान हलवत होता. त्याला कळलं होतं.

"अन् गाडीचं पाय?" चांगुणा म्हणाली.

चारी चाकं धुतली. बैलाचे खूर धुतात तशी. मग तिनं पिंपाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. परवा टायरखाली राहिलेला तोच! तेलाच्या पिंपाला कुंकू. तिवडा म्हणायचं त्याला.

वरून पाण्याचा नुसता शिपका. आणि मी निघालो.

काय सांगू! अनवाणी पायाला पेडल इतकं कळतं हे मला ठाऊकच नव्हतं. वेग घेतला, हँडब्रेक ओढला, आणि मागचं अंग असं सरकलं — कडगंचीच्या रानातलं श्रावणातलं सरकणं! स्टेअरिंग उलटं दिलं. गाडीचं तोंड पिंपाकडं, आणि शेपूट बाहेर फिरतंय. एक वेढा. दोन. तीन. चिखल उडून काचेवर. सहाव्या वेढ्याला उलट्या दिशेनं मारली. मैदानातून आवाज असा आला की इंजिन ऐकू येईना. खिडकीतून एकेका वेढ्याला चांगुणा दिसायची. काळे हात तसेच, धुतलेले नाहीत. दिसायची, जायची. दिसायची, जायची. प्रत्येक वेळी मी तिलाच शोधत होतो. सोळा वेढे मारले. पिंपाला चाक लागलं नाही.

थांबलो तेव्हा माइकवाला बोलायचंच विसरला होता.

शिवशंकरप्पानं अनवाणीच पळत येऊन मिठी मारली. "ठरलं! गुरुवारी सकाळी दहाला जीप घेऊन कडगंचीला येतो. पहिला मुक्काम सोलापूर. कपडे बांधून ठेव." हे त्यानं चांगुणासमोरच सांगितलं. मी तिच्याकडं बघायला घाबरलो.

राजूबाईच्या घरी ती हात धूत होती. मी पाणी घालत होतो. म्हटलं, कसं वाटलं?

"बैलावानी फिरलाव. पन बैल कंटाळतो. तुमी न्हाई कंटाळलाव."

मग म्हणाली, "त्या पत्राची खालची ओळ मला पयल्या दिवशीच ठाव हुती. वाचतानी तुमचं डोळं खाली गेलं अन् तोंड थांबलं. पोस्टमन महादेवप्पाकडनं वाचून घेतली."

तांब्या हातातून सुटता सुटता राहिला.

म्हणजे तिला माहीत होतं! काल माझा खेळ पडला. आज ती गप्प बसली असती तर मी मुकाट्यानं घरी आलो असतो, आणि आठ महिन्यांचं नाव निघालं नसतं. नुसतं गप्प बसायचं होतं तिला. आणि ती पहाटे उठून माती आणायला लावते!

मी तांब्या पुन्हा भरून आणला. बोलायला पाहिजे होतं.

सोमवार, १७. कडगंची

घरी. येताना दोनदाच ओकली. दोन्ही वेळा मीच कपाळ धरलं. तिच्या गाडीच्या फेऱ्या अकरा झाल्या आता.

मंगळवार, १८

कोर्टाची तारीख झाली. येताना मालक मागून म्हणाले, "किशन, काल संध्याकाळी तुझी बायको घरी येऊन गेली असं कळलं. तू गेल्यावर जीपची किल्ली कुणाकडं द्यायची, विचारत होती. तू कुठं चाललास?"

मी सांगितलंच नव्हतं! जीप कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जा. चौदा वर्षं मी म्हणेन तिकडं गेलास." माणूस चांगला आहे, म्हटलं ना.

पण चांगुणाचं काय चाललंय? मला घालवायची एवढी घाई? घरी आलो तर भांडी घासून पालथी घालत होती. म्हैसही अजून नागूबाईच्याच गोठ्यात. विचारलं, आणली नाहीस? "आणू की," म्हणाली. दमली असेल.

अंथरुणावर पडून घराकडं बघत होतो. लेक उदगीरला. आई गेली. मी गेलो की या घरात एकटी हीच. आठ महिने. कुणासाठी भाकरी थापणार? लिंबू लागायचं कारणच नाही, कुठं जाणारच नाही ती. बावीस वर्षं मी संध्याकाळी तरी येत होतो.

मला हे सहन होत नाही. ती हसत घालवते आहे, ते तर मुळीच नाही.

बुधवार, १९

सांगून टाकलं. "मी न्हाई जायचं. शिवशंकरप्पाला उद्या न्हाई म्हणतो."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"कामून?"

"तू एकटी कशी ऱ्हाशील?"

केवढी चिडली! "मग मी शेण कामून कालवलं? राजूअक्काच्या गल्लीतल्या बाया कामून वाकल्या? तुमी फिरत हुता तवा तुमचं तोंड मी बघितलंय. बावीस वर्षांत तसं तोंड बघितलं न्हाई, लग्नात सुदिक न्हाई!"

म्हटलं, लग्नात तू ओकली होतीस, माझं तोंड कसं बरं असेल?

हसली नाही. उठून नागूबाईकडं निघून गेली. दिवे लागायच्या वेळेला आली ती सरळ चुलीपाशी.

माझं ठरलंय. भिंगरी एक दिवस झाली, पुष्कळ झाली. ती मैदानात उभी दिसत होती म्हणून मजा होती. विजयवाड्याला कोण दिसणार? हे तिला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो. माझं या बाईवर फार प्रेम आहे.

गुरुवार, २०

दहाला जीप आली. मी दारात जाऊन "शिवशंकरप्पा, जमायचं न्हाई" एवढं म्हटलं, तोवर चांगुणा ट्रंक ओढत बाहेर. एवढी जड? उघडली. माझे दोन सदरे. खाली तिची तीन लुगडी. सारवायची पाटी, गोणपाटात गुंडाळलेली. आणि फडक्यात बांधलेली वीस-पंचवीस लिंबं. मी वेडा विचारतो, बंपरला बांधायला आणलीस का?

"गाडीला कामून? माझ्या नाकाला! अन् तिकडं गावोगाव सारवायला कोण, तुमचा शिवशंकरप्पा?"

म्हैस नागूबाईची झाली. घराची किल्लीही नागूबाईच्याच कमरेला.

हे आळंदच्या पुढं झाडाखाली बसून लिहितोय. जीप तिसऱ्यांदा थांबलीय. शिवशंकरप्पा घड्याळ बघतोय. चांगुणा हाक मारतेय, कपाळ धरायला जायचंय.